प्रकल्प कक्षाचे माप कोणत्या काट्यावर?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयात एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "आपल्या प्रकल्प कक्षाला तीन वर्षं झाली. तो बरा चाललाय का वाईट, हे आम्ही कशावरनं ओळखायचं?" प्रश्न साधा होता. व्यासपीठावरून उत्तर आले की कक्षाने इतक्या बैठका घेतल्या, इतके अहवाल सादर केले, ठेकेदारांशी इतका पत्रव्यवहार केला. सभासद खाली बसले, पण बसता बसता म्हणालेच, "बैठकीनं ऊस गाळतोय व्हय?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र लक्षात आले की त्यात हसण्यासारखे काही नव्हते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नसते.

या कामी आमच्या पदरीही दोष आहे, तो आधी कबूल करतो. बॉयलर व टर्बाइनच्या विस्तारवाढीच्या वेळी 'काम नव्वद टक्के पूर्ण' अशी बातमी याच वार्तापत्राने लागोपाठ तीन अंकांत छापली. नव्वदाचे पंचाण्णव का होत नाहीत, असे आम्ही एकदाही विचारले नाही. कक्षाकडून मजकूर आला, आम्ही शुद्धलेखन तपासले आणि छापून टाकला. दसऱ्याला अग्निप्रदीपन व्हायचे ते पौषात झाले. कागदावर तेवढी तीन महिन्यांची दिरंगाई. पण आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा होता, त्याला तुरे आले, दशी पडली. ज्यांचा ऊस एप्रिलच्या उन्हात तुटला त्यांचे वजन किती घटले हे त्यांच्या वजनपावत्या सांगतील. साखर धंद्यात तीन महिने उशीर म्हणजे एक हंगाम हातचा जाणे. सिमेंटच्या किंवा कापडाच्या कारखान्याला तसे नसते. तो आज सुरू झाला नाही तर उद्या होतो. ऊस मात्र कोणासाठी थांबत नाही.

आता आसवनीचे काम उभे आहे. त्याकरिता आपल्या बिलातून टनामागे कपात चालू आहे. प्रकल्प कक्षास आणखी दोन वर्षे मुदतवाढ देण्याचा विषय येत्या सभेपुढे यावयाचा आहे. तेव्हा हात वर करण्यापूर्वी हात कशासाठी वर करतो आहोत हे कळावे, म्हणून संपादक मंडळातील आम्ही चौघे थोडे फिरून आलो. गेलो ते पालघर जिल्ह्यात, बोईसर-तारापूरकडे. तिथे ना ऊस, ना साखर कारखाना. मग तिकडे कशाला, असे कोणी विचारील. एक तर आपल्या एका सभासदाचा मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत यंत्रजोडणीच्या ठेक्यावर काम करतो, त्यामुळे राहण्या-फिरण्याची सोय झाली. दुसरे म्हणजे, देशात मोठी कामे कशी वेळेत होतात आणि वेळेत होऊनही कुठे अपुरी राहतात, या दोन्ही गोष्टी दहा-पंधरा मैलांच्या टापूत पाहावयास मिळतील असा दुसरा मुलूख आम्हाला ठाऊक नाही.

प्रथम तारापूरच्या अणुवीज केंद्राविषयी. आत जाण्याचा परवाना आपल्यासारख्यांना मिळण्यातला नाही, तेव्हा आम्ही बाहेरूनच पाहिले. पण त्याची जाहीर झालेली हकीकत अशी. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून, चालू करून हाती दिल्या. ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज रीतसर मिळू लागली. पुढे आपल्याच लोकांनी देशात ठिकठिकाणी अणुभट्ट्या बांधल्या. त्यांत विद्या आपली होती, पण वेळेचे गणित काही जमत नव्हते. उत्तर प्रदेशातील नरोऱ्याचे काम १९७६ साली सुरू झाले आणि पहिल्या भट्टीची व्यापारी वीज १९९१ साली आली. कर्नाटकातील कैग्याला तर १९९४ साली बांधकाम चालू असताना घुमटाचा काही भागच कोसळला.

या पार्श्वभूमीवर तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीचे काम न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने २००० साली हाती घेतले. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या या भट्ट्या, एवढ्या मोठ्या आकाराच्या आपल्या देशी बनावटीच्या पहिल्याच. चौथ्या भट्टीचे पहिले काँक्रीट मार्च २००० मध्ये पडले आणि मार्च २००५ मध्ये ती पेटली. ठरल्या वेळेच्या सात महिने आधी. तिसरी त्यानंतर, मे २००६ मध्ये. (चौथी आधी आणि तिसरी मागून, ही गंमत तिथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे.) ऑगस्ट २००७ मध्ये त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी दोन्ही राष्ट्राला अर्पण केल्या.

नरोऱ्याला चौदा वर्षे आणि तारापूरला पाच, हे कसे झाले? जादू काही नव्हती. ज्या यंत्रांना घडायला वर्षानुवर्षे लागतात त्यांच्या मागण्या बांधकामाची वाट न पाहता आधीच नोंदवल्या. शेकडो बारीक ठेके देऊन सगळ्यांची भांडणे सोडवत बसण्याऐवजी मोजके मोठे ठेके दिले. पूर्वी इमारत पुरी झाल्यावर यंत्रे आत शिरत. इथे मोठ्या क्रेन आणून बांधकाम व यंत्रजोडणी शेजारी शेजारी चालवली. म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींनी जे केले ते काम चालू असताना केलेल्या धावपळीत नव्हते, काम सुरू होण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांत होते.

हे ऐकून आम्हाला आपले टर्बाइन आठवले. ते वेळेवर आले होते, पण पायाच्या बोल्टांचा नकाशा आला नव्हता. सव्वा महिना ते पोत्यांखाली आवारात पडून होते आणि त्या सव्वा महिन्यात 'टर्बाइन दाखल झाले' अशी छायाचित्रासह बातमी, पुन्हा आम्हीच, छापली.

आमच्या सोबतच्या तरुणाने याविषयी एक मुद्द्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, आमच्याकडं गडी रिकामे बसतात ते आळसानं नाही. पाइप कुठल्या बाजूनं न्यायचा, असं आम्ही सोमवारी विचारतो. उत्तर पुढच्या महिन्यात येतं. तोवर हजेरी चालू." आम्ही विचारले, मग चांगला प्रकल्प कक्ष कसा ओळखायचा? तो म्हणाला, "त्यांच्याकडं प्रश्नांची वही असते का ते बघा. विचारल्याची तारीख आणि उत्तर दिल्याची तारीख. वहीच नसली तर पुढं काही विचारू नका."

ही वही आम्हाला फार पटली. परत आल्यावर आपल्या कक्षात चौकशी केली. वही आहे, पण तीत उत्तराच्या तारखेचा रकानाच नाही. तो आता आखला जात आहे.

इथे कक्षाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. आपल्या कक्षात पाच माणसे. त्यांच्याकडे वेळापत्रक आखणे, नकाशे मिळवणे, ठेकेदारांची बिले तपासणे, मंडळाला कळवणे ही कामे. जबाबदारी सगळी, पण साधा पंप बदलायचा तरी विषय संचालक मंडळाच्या सभेपुढे न्यावा लागतो आणि सभा महिन्यातून एकदा. वहीतले जे प्रश्न लांबले त्यांतले निम्म्याहून जास्त कक्षाकडे अडलेले नव्हते, वर अडलेले होते. आणि काही खालीही. पाण्याच्या पाइपलाइनला बांधावरून वाट द्यायला आपल्यातल्याच तिघा सभासदांनी चार महिने घेतले. नावे छापत नाही. ते हे वाचत असतीलच. सांगायचे एवढेच की कक्षाचे माप घेताना त्याच्या हातात किती अधिकार दिला होता हेही त्याच पारड्यात टाकावे लागेल. बैलाचे पाय बांधून शर्यत कशी हरलास म्हणून विचारण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा तारखेचा. केंद्र सरकार आपल्या दीडशे कोटींवरच्या प्रकल्पांचे वेळेचे व खर्चाचे अहवाल वर्षानुवर्षे प्रसिद्ध करीत आले. ते चाळून पाहिले तर एक मौज दिसते. प्रकल्पाला मूळ तारीख एक असते आणि मागाहून मंजूर करून घेतलेली सुधारित तारीख दुसरी. मूळ तारखेने पाहावे तर प्रकल्प रखडलेला, सुधारित तारखेने पाहावे तर तोच वेळेवर! आपल्या कक्षाच्या त्रैमासिक अहवालात 'नियोजनाप्रमाणे' हा शब्द वारंवार येतो. कोणत्या नियोजनाप्रमाणे? आम्ही जुने कागद काढले. आसवनीची तारीख आजवर दोनदा बदलली आहे. दोन्ही वेळा कारण दिले गेले आणि त्यातले एक कारण खरोखर सबळ होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आणले, तेव्हा देशभरचे कारखाने गोंधळले. त्याला आपला कक्ष काय करणार? पण तारीख बदलली तरी जुनी खोडून टाकावयाची नसते. सात-बाराच्या उताऱ्यावर जुन्या नोंदीला कंस करतात, पण ती वाचता येते. तसे इथेही हवे. शिवाय तो निर्बंध आला त्या आठवड्यात कक्षाने मंडळाला काय कळवले, कच्चा माल बदलावा लागला तर यंत्रणेत काय फेर पडेल याचा हिशेब केला का, हे विचारणे रास्त आहे. वाईट बातमी कक्षाने आधी सांगितली की ठेकेदाराकडून कळली, यावरून आम्हाला वाटते कक्षाची निम्मी परीक्षा होते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांची आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. त्यांची क्षमता मुळात प्रत्येकी २१० मेगावॅट होती. पुढे ती १६० मेगावॅटवर आणावी लागली. म्हणजे फीत कापली त्या दिवशीचा आकडा एक आणि चालवायला घेतल्यावरचा आकडा दुसरा. आपल्या धंद्यातही नव्या गिरणीची क्षमता पाटीवर एक असते आणि गव्हाणीत ऊस पडू लागला की दुसरी दिसते. प्रकल्प कक्ष उद्घाटनाच्या दिवशी मोकळा होतो, तेव्हा त्याचे माप तिथेच थांबते. ते थांबू नये. पहिला पूर्ण हंगाम पाटीवरच्या क्षमतेने चालला का, हे पाहून मगच कक्षाचे शेवटचे पान लिहावे.

आता ज्या गोष्टीने आम्ही सर्वांत अस्वस्थ होऊन परतलो ती सांगतो. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. माणसे शेतीवाली आणि मासेमारीवाली, समुद्राकाठची. त्यांच्यासाठी नवी वसाहत बांधली गेली. पण ज्याचे पोट समुद्रावर, त्याला समुद्रापासून दूर घर बांधून दिले म्हणजे पुनर्वसन झाले का, घरे कशी बांधली, नोकऱ्या किती जणांना दिल्या, यावरून वाद उभे राहिले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. भट्टी सात महिने आधी पेटली, पण त्या गावकऱ्यांचे प्रश्न ती पेटल्यावरही वर्षानुवर्षे सुटले नाहीत.

आमच्यात यावर गाडीत बराच खल झाला. एकाचे म्हणणे की वीज देशाला मिळाली, काम वेळेत झाले, पुनर्वसन हा महसूल खात्याचा विषय, त्याचा दोष प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे कसा? दुसऱ्याने विचारले, कुंपणाच्या आतले प्रत्येक काम ज्या वेळापत्रकात तारखेसकट बसवले, त्याच वेळापत्रकात 'अमुक तारखेला शेवटच्या कुटुंबाचे देणे फिटेल' अशी एक ओळ का नसावी? आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहोत. जे वेळापत्रकात नसते त्याला उशीर झाला असे कोणाला म्हणता येत नाही, आणि मग ते रेंगाळते.

याच गोष्टीचे दुसरे रूप बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत दिसले. रसायनांचे, औषधांचे, कापड रंगवण्याचे शेकडो कारखाने. त्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक केंद्र होते, दिवसाला २५ दशलक्ष लिटरचे. कारखाने वाढत गेले, पाणी त्याहून जास्त येऊ लागले आणि मोठे, ५० दशलक्ष लिटरचे केंद्र उभे राहीपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले. नाल्याखाडीत आणि नवापूरच्या समुद्रात काय गेले याची दाद मागण्यासाठी मांगेला समाजाची परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने २०२२ साली कारखान्यांवर मोठी भरपाई बसवणारा निकाल दिला. उत्पादनाचे शेड आधी आणि सांडपाण्याचे टाके मागून, हा क्रम तिथे महाग पडला.

आपल्या आसवनीच्या कामाचा क्रम आम्ही आल्याबरोबर पाहिला. आंबवण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या आहेत, ऊर्ध्वपातनाचा मनोरा लांबून दिसतो, पाहुण्यांना तोच दाखवतात. स्पेंटवॉश जाळण्याच्या बॉयलरचे मात्र पायाचेच काम चालू आहे. आसवनीतून पाण्याचा थेंब बाहेर सोडता येत नाही, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तो बॉयलर झाल्याशिवाय मनोऱ्याला चालण्याची परवानगी नाही. म्हणजे ज्या कामावाचून पुढचे सगळे अडते ते काम सर्वांत मागे आहे आणि जे लांबून दिसते ते सर्वांत पुढे. अमेरिकेच्या नौदलाने १९५८ च्या सुमारास पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात 'पर्ट' नावाची पद्धत काढली. तिचे मर्म हेच की हजार कामांतून अडवणाऱ्या कामांची साखळी शोधा आणि नजर तिच्यावर ठेवा. आपल्या कक्षाच्या भिंतीवर तो तक्ता टांगलेला आहे, रंगीत आहे. पण मासिक अहवालात टक्केवारी येते ती सगळ्या कामांची सरासरी. मनोरा ऐंशी, बॉयलर वीस, सरासरी पन्नास. त्या पन्नासाने काही कळत नाही.

कक्षप्रमुखांना आम्ही हे तोंडावर विचारले. त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे आवर्जून नमूद करतो. ते म्हणाले, "मंडळाला वाढता आकडा दिसायला हवा असतो. बॉयलरचा आकडा तीन महिने हलला नाही असं लिहिलं की बैठकीत माझीच हजेरी घेतात." यावर मंडळानेही विचार करावा. खरे सांगणाऱ्याची हजेरी घेतली की पुढच्या महिन्यापासून खरे येणे बंद होते.

परतीच्या वाटेवर पालघरच्या पूर्वेकडचा सूर्या नदीचा कालवा पाहिला. धामणी व कवडासच्या या पाण्यावर पालघर, डहाणू, विक्रमगड भागातील हजारो हेक्टर शेती भिजावी म्हणून प्रकल्प आखला होता. पुढे त्यातले पुष्कळ पाणी उद्योगांसाठी आणि वसई-विरार, मीरा-भाईंदरसारख्या शहरांसाठी ठरले. आदिवासी शेतकऱ्यांचा आक्षेप आहे की ज्यांच्या नावाने धरण झाले त्यांच्या रानापर्यंत पाणी नीट पोचण्याआधीच ते वाटले गेले. शहराला पाणी लागते हे खोटे नाही. पण मुळात कोणाला काय द्यायचे ठरले होते, तो कागद शेवटच्या दिवशीही टेबलावर असावा. आपल्या आसवनीचा ठराव झाला तेव्हा सभासदाला उसाच्या भावात फरक मिळेल असे लिहिले होते. तो ठराव काढून आम्ही कक्षाच्या फायलीला पहिले पान म्हणून लावायला दिला आहे. इतके दिवस तो तिथे नव्हता.

कार्यकारी संचालकांशी चर्चा होऊन पुढील अंकापासून या वार्तापत्रात प्रकल्प कक्षाचा एक पानी तक्ता छापावयाचे ठरले आहे. त्यात मूळ तारीख, बदललेल्या तारखा व त्यांची कारणे, अडवणाऱ्या कामांची स्थिती (सरासरी नव्हे), पंधरा दिवसांवर रेंगाळलेले प्रश्न व ते कोणाकडे अडले आहेत, ठेकेदाराला दिलेली वाढीव रक्कम, आणि पाइपलाइन व रस्त्यासाठी ज्यांची जमीन गेली त्यांचे राहिलेले देणे, एवढे असेल. तक्त्यावर कक्षप्रमुखांची सही राहील. मजकूर आम्ही बदलणार नाही. शुद्धलेखनही नाही, म्हटले तरी चालेल.

मुदतवाढीच्या विषयावर संपादक मंडळाचे मत विचाराल तर आमच्यात दोन तट आहेत. दोघे म्हणतात द्यावी, पण सहा-सहा महिन्यांची, आणि पंप-पाइपाचे निर्णय घेण्याइतका अधिकार सोबत द्यावा. एक म्हणतो, बॉयलरचा पाया पुरा होईपर्यंत विषयच घेऊ नये. चौथ्याने अजून काही सांगितलेले नाही. त्याच्या बांधावरून पाइपलाइन जाते. सभासदांनी आपले प्रश्न गट कार्यालयात लेखी द्यावेत. पोच मिळेल आणि तीवर तारीख असेल.